उंटकटारा

विठ्ठलवाडीच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमची भट्टी.
माझगावच्या फिलोमिनाबाईंनी गाठोडं सोडलं :
तुटकी पैंजणं, अत्तरदाणीचं झाकण,
चमच्यांचे दांडे,
आणि हे एक,
धड गोल नाही, धड सपाट नाही.
‘पप्पांच्या पेटीत होतं. कुणी दिलं, कशाबद्दल, ठाऊक नाही.’

चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवलं.
एकीकडं ढाल, ढालीवर मुकुट.
दुसरीकडं, आईशप्पथ,
उंटकटारा!
आमच्या आटपाडीच्या माळावरचा,
शेळ्यासुद्धा ज्याला वळसा घालून जातात.
त्याच्याही डोक्यावर मुकुट.

खालचे कीकाभाई भिंग घेऊन वर आले.
‘स्कॉटलंड. चारशे वर्षं झाली.
यंत्र नाही, घण. एक ठसा ऐरणीत रोवलेला,
दुसरा कुणाच्या तरी मुठीत,
आणि घाव घालणारा तिसराच.’
मुकुट जरा घसरलाय.
मूठ धरणारा बिचकला असणार.
मीही अजून बिचकतो,
दत्तूअण्णा मूस ओततात तेव्हा.

‘काठानं लिहिलंय : देव राजाला राखतो.
पण राजा कातरून नेलाय कुणी,
चिमूटभर चांदीसाठी.’
देव राखतो, एवढंच उरलेलं.
कुणाला, ते नाही.

काट्यावर सहा ग्रॅम चार.
कीकाभाईंनी भावाच्या दसपट सांगितले, मग वीसपट.
बाई खिडकीतून तारेवरचे कावळे बघत होत्या.
‘नातीचे वाळे करायचेत, बाप्तिस्म्याला.
त्यातच घाल.
पप्पांचं काहीतरी वाजू दे पोरीच्या पायात.’
कीकाभाईंनी भिंग पुसलं,
नुसतंच पुसत राहिले.

मूस लाल झाली. सुहागा टाकला.
पैंजणं बसली, दांडे वाकले.
तो थोडा वेळ तसाच तरंगला,
मग कुठला तो आणि कुठलं झाकण,
सगळं एकच डोळा होऊन
माझ्याकडं बघायला लागलं.

त्याआधी, अण्णांची पाठ होती तेव्हा,
मोरीवरच्या ओल्या साबणात मी तो दाबला होता,
घण नाही, नुसता अंगठा.
फूल उठलं होतं, काट्यांसकट, उलटं.

संध्याकाळपर्यंत सहा जणांनी हात धुतले.
काटे पहिल्यांदा गेले.
देठ माझ्या वाटणीला आला.
आमच्यात ते पाणी ओतून देत नाहीत,
पिंपात साठवतात.
गाळात चांदी असते.