तेरावा इंट्रॉन

कुओपिओच्या प्रयोगशाळेत रात्री दहाला
मी माझीच नळी यंत्रात ठेवली.
नियमात बसत नाही. पण यंदा बाबा गेले,
आणि नोव्हेंबरात इथे दुपारी चारलाच रात्र होते.

आधी लॅक्टेजचं जनुक वाचलं, पहिल्या अक्षरापासून.
काना-मात्रेचीही चूक नाही.
दूध फोडणारी कात्री कशी घडवायची
हे माझ्यात बिनचूक लिहिलेलं आहे.

मग तो ग्लास कशासाठी होता?
गोठ्यातून आणलेलं, तापवलेलं दूध.
एन्सिओ एका दमात संपवायचा,
पांढऱ्या मिशा बाहीला पुसायचा,
आणि मी बसून असायचे. बाबा म्हणायचे, नखरे.
साय धरायची. साय सुरकुतायची.
आई पाठमोरी भांडी घासत राहायची;
ते बाहेर गेले की
न बोलता ताक पुढे सरकवायची.

उत्तर शेजारच्या जनुकात सापडलं.
त्याचं काम वेगळंच, दुधाशी देणंघेणं नाही.
त्यातला तेरावा इंट्रॉन:
नक्कल झाली की कापून टाकतात तो तुकडा,
ज्यातून कधी कुठलं प्रथिन झालं नाही.
आम्ही शिकत होतो तेव्हा रद्दी म्हणत.
तिथे एक प्रथिन येऊन टेकतं,
धागा वाकतो,
आणि चौदा हजार अक्षरं पलीकडे, दुसऱ्याच घरात,
कुणीतरी लिहिणाऱ्याला सांगतं:
थांबू नकोस.

एन्सिओकडे तिथे टी आहे.
माझ्या दोन्ही प्रतींवर सी.
टेकायला आलेलं नीट टेकत नाही.
अंगावर पिण्याचं वय सरलं
तसा आतला आवाज बारीक होत गेला.
मजकूर तोच. वाचणारं कुणी उरलं नाही.

म्हणजे बिघाड नव्हे. सी जुना,
गाई माणसाळल्या त्याच्या कितीतरी आधीचा.
नवखा असेल तर एन्सिओ.

फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात
आजारपणातली एक नळी होती: टाउनो काउप्पिनेन.
तीही लावली.
एक टी. एक सी.

तो सी त्यांनी ऐंशी वर्षं अंगावर वागवला.
टी बोलत होता, म्हणून दुसऱ्याचं गप्प बसणं
त्यांच्या कानावर आलं नाही.
आणि मला देताना नेमका तोच दिला.
दुसरा आईकडून. ती भांडी घासत होती.

घरी जाताना दुकानातून दूध घेतलं.
तापवलं, ग्लासात ओतलं, टेबलावर ठेवलं,
समोर बसले.
साय धरू दिली.