आलं, गेलं

मुनव्वर भिया गच्चीवर, पान्यासकट.
बाबा खाली बैठकीत, टीव्हीपासून वीतभर.
आणि जिन्याच्या अकराव्या पायरीवर मी,
दोघांमधला दुभाषा.

बाबा म्हणायचे, "आलं."
मी वर ओरडायचो, "आया!"
"गेलं."
"गया!"
"मुंग्या आल्या."
याचं हिंदी काही सुचेना,
मी तसंच ठोकून दिलं, "चींटियाँ!"
वरून भियांचा आवाज: "काँ? डिश पे तो नी हैं!"

आठ फुटी, जाळीची डिश,
नंदलालपुऱ्यातून हातगाडीवर आणलेली,
छापखान्यातला दोन महिन्यांचा ओव्हरटाइम घालून.
गल्लीत केबल होती की.
पण केबलवाला बोलून गेला होता,
मराठी कौन देखता है, बाबूजी?
ते बाबांना लागलं.

डिशचं तोंड दक्षिणेला.
सुमन आत्या म्हणाली, "पितरांची दिशा ती,
तिकडे तोंड करून कुणी काही उभं करतं का?"
"तिकडूनच आलो ना आपण."
आले होते ते खापरपणजोबा,
कुठल्या गावाहून, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
बाबा स्वतः भुसावळच्या पलीकडे
दोनदाच गेलेले,
त्यातलं एक वऱ्हाड.

दिवेलागणीला भियांनी एक नट
नखभर फिरवला
आणि निळ्या साडीतली बाई
एकदम स्वच्छ दिसली, टिकलीसकट.
पुण्यात गुरुवारी पाणी येणार नाही, म्हणाली.
बाबा काही बोललेच नाहीत.
वरून हाका: "आया क्या? अरे, बोलो तो सई!"
मी पायरीवर वाट बघून राहिलो,
खालून शब्दच येईना
तर वर काय पाठवणार?

मग बाबा स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले,
"अगं, गुरुवारी पाणी नाहीये. भरून ठेव."

आमच्याकडे नर्मदा दिवसाआड,
आणि गुरुवार नेमका आमचा.
आईने त्यांच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले,
आणि बुधवारी रात्री
आपल्याच टाकीतलं पाणी
पिंपात, दोन कळश्यांत, कुकरच्या भांड्यातसुद्धा
भरून ठेवलं.

गुरुवारी सकाळी नळ खाकरला.
बाबा दाढीला बसले होते, गालावर फेस.
"आलं," आई म्हणाली.
मी सवयीने
जिन्याकडे तोंड केलं.