वैनीचं

इस्लामपूरच्या इंजिनिअरनं नकाशा आणून दिला
निळ्या रेघांचा, गुंडाळलेला.
हॉल, किचन, बेडरूम एक, बेडरूम दोन.
बेडरूम दोन म्हणजे आमचा गोठा.
रंगरावांनी, माझ्या सासऱ्यांनी,
उलटा पाहिला, सुलटा पाहिला,
आणि म्हणाले, जनावराच्या जागेत
पोरं निजवणार तुम्ही?

मी काही बोलले नाही.
सोसायटीचं कर्ज माझ्या पगारावर होतं,
आणि चांदी विकली त्या दिवशी
दावं त्यांनी स्वतःच सोडलं होतं.
खुंटा तेवढा कुणाला उपटू देईनात.

नागठाण्याहून इलाही मिस्त्री आला.
पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही,
नुसता फिरला भिंतींवर बोटं वाजवत,
कलिंगड घेताना वाजवतात तशी.
'अंकलखोपचं काळं रान, ताई.
उन्हाळ्यात भेगाळतं, पावसाळ्यात फुगतं,
घर यात होडीसारखं हलतं.
पाया मुरमापर्यंत न्यायचा.'
मुरूम लागला साडेसात फुटांवर.
तोवर माझं किचन ट्रॉल्यांवरून
साध्या कडाप्प्यावर आलं होतं.

सात महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये,
आपल्याच रानात पाहुण्यासारखे.
ओजसच्या दहावीच्या वह्यांवर सिमेंट बसायचं,
आणि मी फळ्याकडे वळले की
वर्ग खुदखुदायचा:
बाईंच्या केसांत वाळू.

मग एका मंगळवारी
घराची आणि गोठ्याची मधली भिंत फोडताना
इलाहीनं पहार खाली ठेवली.
'इथं दार होतं,' म्हणाला.
'ही चौकट बघा. आतून दगड चिणलेत.
बाजूचं काम कसबी हाताचं.
हे मधलं
रागानं केल्यासारखं.'

रंगराव खाटेवरून उठून आले.
'मीच चिणलंय. मी आन् वडलांनी.
थोरल्याची वाटणी झाली त्या साली.
पलीकडं वैनीची चूल होती.
दार बुजलं तरी वरच्या फटीतनं
चार दिस भाकरी द्यायची मला.
मग फट बी लिंपली.'

थोरला गेला इचलकरंजीला, मागावर.
ती जागा यांनी विकत घेतली,
आणि रिकामी काय ठेवायची
म्हणून गुरं बांधली.

चाळीस वर्षं हे कुणाला ठाऊक नव्हतं.
संपतलाही नाही. तो तिथंच
दगडांच्या ढिगावर बसला.

इलाहीनं चहा संपवला, टेप काढला.
'मग दार इथंच ठेवू?
लिंटल जरा उचलतो. तेव्हाची माणसं
वाकून ये-जा करायची.'
'हाय तेवढंच ठेव,' रंगराव म्हणाले.
थोड्या वेळानं परत आले.
'नको. उचल. ओजसचं डोकं आपटंल.'

खुंटा त्यांनीच उपटला, पहाटे.
मी पाहिलं. पाहिल्याचं दाखवलं नाही.

आता तिथं गुळगुळीत फरशी आहे,
वायफाय त्याच खोलीत सगळ्यांत चांगलं येतं.
पावसाळ्यात एका कोपऱ्यातून वास सुटतो,
शेणाचा की धुराचा, कळत नाही.
प्राइमरचे तीन हात दिलेत.
रंगराव बेडरूम दोन म्हणत नाहीत.
'माझा चष्मा वैनीच्यात ऱ्हायला गं,' म्हणतात,
आणि पोरं जाऊन घेऊन येतात,
कोण वैनी, कसली वैनी, न विचारता.

परवा तनिष्काच्या वहीत 'माझे घर':
हॉल, किचन, आईबाबांची खोली,
आजोबांची खाट (खोली नाही, खाट),
आणि डाव्या हाताला मोठ्या अक्षरांत
'वैनीचं'.
सवयीनं लाल पेन उचललं,
वहिनी असं लिहायचं असतं, बाळ.
टोपण लावून ठेवून दिलं.

संपत इचलकरंजीत कुणाकुणाला फोन लावतोय.
इलाहीचे अकरा हजार अजून द्यायचेत.