परदेशी गट

वॉल्पोला उतरलो तेव्हा ओहोटी होती.
समुद्र कुठेतरी लांब कामाला गेलेला,
मागे नुसता चिखल, करडा, चकचकीत,
आणि त्यावर लांब फळ्यांवर एक गुडघा टेकून
दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत निघालेल्या बायका.
शर्यत होती. हसत कोणीच नव्हतं.

मी मोक्पोच्या गोदीत जहाजांचे सांधे तपासतो.
रविवार रिकामा होता,
आणि बसथांब्यावरच्या फलकावर
एका शिंपल्याला डोळे नि हात काढले होते.
तो मला या म्हणत होता.
बाकी कोणी म्हणत नव्हतं.

तंबूंच्या रांगा. लसूण, तिळाचं तेल, ओला दोर.
गुलाबी रबरी हातमोजे घातलेल्या मालसुनबाई
कढईत कोमाक ढवळत होत्या, एकाच दिशेने.
हात उलटा फिरला तर शिंपला रुसतो, म्हणाल्या,
म्हणजे तसं काहीतरी म्हणाल्या.
माझं कोरियन कामापुरतं:
थांब, गरम आहे, पुन्हा कर, जेवलास का.
त्यातलं शेवटचं उपयोगी पडलं.

मी घाटावरचा. आमच्याकडे शिंपला म्हणजे
तान्ह्या बाळाला दूध पाजायचं भांडं,
खणात, कापसात गुंडाळून ठेवलेलं.
त्यात कधीकाळी कोणी राहत होतं
हे मला फार उशिरा कळलं.
नको म्हणायला मी तोंड उघडलं
आणि मालसुनबाईंनी तेवढ्यात भरवलं.
गंजासारखं पाणी, मीठ,
आणि बऱ्याच वेळाने,
जिभेच्या मागच्या बाजूला, लाजत आल्यासारखं, गोड.

मग चमचमत्या कोटातला एक निवेदक
दंड धरून मला मंचावर घेऊन गेला.
शिंपले सोलायची स्पर्धा, परदेशी गट.
एक कॅनडाचा मास्तर, सगळ्याला छान छान म्हणणारा.
कालवांच्या शेतावरचे दोघे नेपाळी, गमबूट घालूनच आलेले,
थोरला टेकबहादुर, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली,
जणू आम्ही एकाच तुरुंगातले.
गटाला पाच हवे होते.
रश्शाचं पातेलं घेऊन चाललेली एक बाई
निवेदकाला दिसली. दिएप.
पातेलं खाली ठेवायलाही जागा दिली नाही,
ते मास्तरने धरलं, मग तोच बाद झाला.

चमचा शिंपल्याच्या पाठीला लावायचा, तोंडाला नाही,
सांध्यात घालून फिरवायचा.
सांधे हा माझा धंदा, तरी माझे चारच निघाले,
त्यातला एक फुटका.
दिएपचे हात दिसतच नव्हते, नुसता आवाज,
टक टक टक, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.
अठ्ठावन्न.

निवेदकाने माईक तिच्या हनुवटीखाली धरला.
आपण कुठल्या?
ती म्हणाली, खालच्या आळीतली. धक्क्याजवळची.
नाही नाही, हसत तो म्हणाला, मूळच्या?
ती हातमोज्यातला चिखल बघत राहिली.
एकोणीस वर्षं, असं नंतर टेकबहादुरने सांगितलं,
दोन मुलं, एक आता लष्करात.
भोंग्यातून नुसती खरखर येत होती.

तेवढ्यात खालून मालसुनबाई ओरडल्या,
झारा उगारून, साऱ्या वॉल्पोला ऐकू जाईल असं:
अरे मूळ काय उकरतोस मेल्या,
तिकडे माझी कढई करपतेय,
सोड माझ्या सुनेला!
सगळा तंबू हसला. निवेदकही.
दिएप हसली नाही, पण पायऱ्या उतरताना
तिची पाठ जरा सैल झालेली दिसली.

बक्षीस: जाळीच्या पिशवीत तीन किलो कोमाक
आणि एक एप्रन, छातीवर छापलेलं,
आमचे परदेशी मित्र.
कोमाकची पिशवी तिने ओतली
सासूच्याच टोपलीत, सकाळी तिथूनच गेली असणार.
एप्रनची नीट घडी घातली, अक्षरं आत,
आणि माझ्या हातात ठेवली, वर दोन मुठी शिंपले.
घे, म्हणाली. तुला बसतो.
कशाबद्दल म्हणाली, मापाबद्दल की कसं, माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये पिशवीतून पाणी गळत होतं.
बाहेर समुद्र कामावरून परत येत होता,
घाई न करता, फळ्यांच्या खुणा पुसत.

रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात
एप्रन बांधून मी शिंपले ढवळायला घेतले.
एकाच दिशेने.
कोणत्या,
ते विचारायचं राहिलं.