अकरा ते तीन

सकाळी अकरा वाजता, झेनित्सात,
आमच्या बँकेनं एक भट्टी विकत घेतली.
पाव भाजायची, तीन कप्प्यांची,
चौदा हजार सहाशे मार्क.
पावतीवर सही माझी.
तीन वाजता ती त्राव्निकमध्ये
रुवेय्दाला विकायची:
सतरा हजार, अठ्ठेचाळीस हप्ते.
आकडा एकदा बोलला की बोलला,
मग बाजार उठो की बसो.

मधले चार तास भट्टी आमची.

रुवेय्दानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
हाताचं पीठ लागू नये म्हणून
कोपरानं खुर्ची ओढत:
"समोरच्या बँकेतही सतराच होतात.
मग फरक काय? तुमच्या भिंतीवरची ती आयत?"
मी हसून वेळ मारून नेली.
नऊ वर्षं मी त्या समोरच्याच बँकेत होतो.
तिथं आम्ही पैसे विकायचो.
पैसे देऊन जास्त पैसे घ्यायचे, मधे वस्तू नाहीच.
कर्ज दिलं की आपण मोकळे;
भट्टी पेटो, न पेटो, चोरीला जावो,
व्याज रविवारीसुद्धा कामावर.
दुधापेक्षा साय जाड झालेली खाती
मी स्वतः तपासली आहेत.

इथं, मी म्हणालो, वस्तू आधी आमची होते,
मग तुमची.
"कागदावर," ती म्हणाली.
कागदावर, हो.
खरं सांगायचं तर माझाही विश्वास
तेवढाच होता, कागदाएवढा जाड.

बर्फ पडून दोन दिवस झाले होते.
ज्लात्कोचा ट्रक लाश्वा नदीच्या कडेकडेनं आला
आणि शेवटच्या वळणावर,
बेकरीचा धूर दिसू लागतो तिथं,
मागची चाकं आपल्याच विचारानं निघाली.
ज्लात्कोला खरचटलंही नाही.
भट्टी कुशीवर पडली,
दार निखळलं, दगडी तळ दुभंगला.
एक वाजून दहा मिनिटं.

सारायेव्होहून फिक्रेतसाहेबांचा फोन.
आवाज लोण्यासारखा.
"विक्रीचा कागद तयारच आहे ना?
वेळेचा रकाना रिकामाच असेल.
साडेबारा लिही.
बाई येतीलच, सही करतील,
त्यांना काय कळतंय."
मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात:
"विमा उद्यापासूनचा आहे रे. माझीच चूक."

मला त्यांची दया आली, हेही नोंदवून ठेवतो.

चार चौकोन, मधे दोन ठिपके.
गेल्या वसंतात नव्या पोरांना मीच शिकवत होतो:
ज्यानं जोखीम घेतली त्याचा नफा,
बाकी सगळं नुसतं भाषांतर.
पोरं लिहून घेत होती.
एकानं विचारलं, परीक्षेत येईल का?

रुवेय्दा आली ती वळणावरूनच.
बुटांना बर्फ, ओढणी मागे सरकलेली.
तिनं ना भट्टीचं नाव काढलं, ना ज्लात्कोचं.
बसली, पर्स उघडली, मिटली, म्हणाली,
"पहिला हप्ता एक तारखेलाच का?
थोडा पुढे ढकलता आला तर..."

फुटलेल्याचे हप्तेही तिनं मनात मोजून टाकले होते.
एवढी सवय असते माणसाला.

"हप्ता कसला," मी म्हणालो,
"भट्टी तुमची नव्हतीच."
"मग कोणाची होती?"
मी एक वाजून दहा लिहिलं,
विक्रीच्या नव्हे, नुकसानीच्या कागदावर,
आणि तिच्यापुढे फिरवलं.
तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
चष्मा नसल्यासारखे डोळे बारीक केले.

टेबलावरचा फोन वाजत राहिला.
मी कोट चढवून वळणापर्यंत चालत गेलो.
ज्लात्को एकटाच दोर बांधत होता;
मी दुसरं टोक धरलं.
अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
बँकेच्या मालकीचं काहीतरी
हातानं उचलत होतो.

जड होतं.