शुद्धीवर

पाइप लागला तेव्हा आवाजसुद्धा फारसा झाला नाही.
यासीन परकार खाली बसला, उठला,
हेल्मेट काढून त्याच्या आत बघितलं,
जणू चूक हेल्मेटची होती,
आणि म्हणाला, 'काय नाय.'

फोरमननं दोन बोटं दाखवली. दोन.
वार विचारला. मंगळवार. बरोबर.
'बेशुद्ध पडला का? नाही ना? मग चला,
क्रेनचं भाडं तासावर आहे.'
कुणीतरी म्हणालं, डोक्यावर पडलायस काय!
सगळे हसले. यासीनही हसला,
पण जरा उशिरा.

सोहारच्या बंदरावर दुपारी ऊन असं असतं
की प्रत्येकाचीच नजर थोडी फिरलेली,
त्यात एकाची जास्त फिरली तर कळणार कुणाला?
मला कळलं, कारण त्यानं विचारलं, पगार जमा झाला का?
झाला, म्हटलं. त्याला बरं वाटलं.
दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.
तिसऱ्यांदाही त्याला
पहिल्यांदाच ऐकल्याइतका आनंद झाला.

खेडजवळ मी चार हंगाम आंबे उतरवलेत.
बागवाला फार बोलायचा नाही.
झेल्यातून निसटून भुईवर पडलेला आंबा
पेटीत घालायचा नाही, एवढंच.
साल शाबूत असली तरी?
साल शाबूत असली तरी.

म्हणून पिकअपमध्ये घातला त्याला.
क्लिनिकमध्ये मारिसेल नावाची नर्स.
तिनं टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या पाहिल्या,
फरशीच्या रेषेवरून चालवलं,
पाच शब्द लक्षात ठेवायला दिले
आणि थोड्या वेळानं परत मागितले.
यासीननं दोन परत केले: हत्ती, दरवाजा.
बाकीचे तीन कुठे सांडले, त्याला माहीत नव्हतं.
'शुद्ध गेली की दिसते,' ती मोडक्या हिंदीत म्हणाली,
'हलली की दिसत नाही.'

मग मला बोटांवर मोजून सांगू लागली.
झोपू दे, पण एकटं नको. उठवून बोलतं कर.
परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी,
जीभ जड, हात लुळा,
एक बाहुली मोठी, एक लहान,
नाकाकानातून पाणी, उठवूनही न उठणं,
यातलं एक जरी दिसलं तरी तसाच घेऊन ये मोठ्या इस्पितळात.
ॲस्पिरिन नको. ड्यूटी तर नकोच.
बोटं संपली, तिचं सांगणं संपलं नाही.

टाइमशीटच्या पाठीवर मी लिहीत बसलो.
दहा पाच: नाव सांगितलं, खोली नंबर सांगितला.
साडेबारा: बायकोचं नाव सांगितलं, मला शिवी दिली. (चांगलं लक्षण.)
दोन: उलटी.
पावणेतीन: उलटी. डोकं फुटतंय म्हणतो.
शफिकुलनं लाइट न लावता, अनवाणीच,
ड्रायव्हरचं दार वाजवलं.

स्कॅनमध्ये रक्त नव्हतं.
मी मात्र कॉरिडॉरमध्ये खुर्ची धरून उभा राहिलो बराच वेळ.

पाचव्या दिवशी फोरमन खोलीवर आला.
खिडकीला पुठ्ठा, डोळ्यांवर ओला पंचा,
सातही जणांचे मोबाइल मुके.
'दिसतो तर ठणठणीत,' तो म्हणाला.
यासीन उठून बसला, काम करायचं म्हणाला,
'माझं ते द्या... बोल्ट फिरवायचं... ते...'
हातानं हवेत फिरवून दाखवत राहिला.
अठरा वर्षं त्याच्या कमरेला लटकलेली वस्तू.
फोरमननं मान खाली घातली,
टोपी काढली, पुन्हा घातली,
जाताना दार हळू लावलं.

एकविसाव्या दिवशी न्हाणीघरातून
अंगाला साबण तसाच ठेवून ओरडला, 'पाना!'

अजून त्याला शिडीवर सोडलेलं नाही.
ग्राइंडर सुरू झाला की कान झाकतो,
दुपारी उगाच चिडतो, मग माफी मागतो.
मी रोज संध्याकाळी विचारतो,
यासीन, पगार जमा झाला का रे?
तो म्हणतो, डोक्यावर पडलायस काय?
कालच तर विचारलंस.