हळू बोल

एप्रिलपासून गुनवोर मावशी तोच करडा स्वेटर घालते.
रंग बदलला तर बदकं बिचकतात.
दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत,
कुत्रा शेजारच्या बेटावर धाडलेला,
दाराची कडीसुद्धा हातात धरून लावायची.

मी बर्गेनहून आलेला. नोकरी सुटलेली,
डोक्यात एकच किडा: हे सगळं कशासाठी?
दोन दिवस दम धरला,
तिसऱ्या दिवशी विचारलंच.

ती गुडघ्यांवर बसून
वाळलेलं समुद्रगवत पिंजत होती,
फळकुटांच्या बुटक्या घरात अंथरायला.
म्हणाली, "हळू बोल."

एवढंच.

मग मीही बसलो.
गारठा पोटऱ्यांतून वर चढत गेला.
बऱ्याच वेळाने कळलं,
समोरचा दगड हा दगड नाही,
त्याला डोळा आहे,
आणि तो मघापासून
मला सहन करतो आहे.

जूनमध्ये ती पिलांना घेऊन समुद्रात उतरेल,
मागे मूठभर पीस ठेवून.
गेल्या साली तेवीस आल्या होत्या. यंदा एकोणीस.
"कमी झाल्या ना गं?"
"एकोणीस आल्या," मावशी म्हणाली.

अकरा वाजले तरी बाहेर उजेड होता.
कडी मी लावली,
हातात धरून.